बंद इंजिनाचा उतार

जव्हारच्या जीप स्टँडवर एक रीत होती आणि ती नव्या माणसाला हमखास फसवायची. मोखाड्याची जीप निम्मी रिकामी असली तरी तिचं इंजिन धडधडत ठेवायचं. मधूनच गिअर टाकून गाडी चार हात पुढे घ्यायची, परत चार हात मागे. पाहणाऱ्याला वाटावं, सुटलीच की! मग तो बोचकं सावरत पळत येणार, आत कोंबला जाणार आणि पुढचा पाऊण तास तिथेच धूर खात बसणार.

हीच जीप गावाबाहेर पडून मोठ्या उताराला लागली की ड्रायव्हर डॅशबोर्डखालचा स्टॉपर ओढायचा. इंजिन गप्प. आत अठरा-वीस माणसं, टपावर पोती आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, असा सगळा संसार घेऊन जीप नुसत्या वाऱ्याच्या आवाजात खाली घसरत जायची. उतार संपला की क्लच सोडून एका हिसक्यात इंजिन पुन्हा चालू. म्हणजे उभ्या गाडीत डिझेल जाळायचं आणि धावत्या गाडीत वाचवायचं. अशी या लोकांची अक्कल, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

ही उताराची विद्या स्टँडवर आणली जमालने. जमालचा बाप कल्हईवाला. लोकांची भांडी चकचकीत करता करता गेला. जमालला लहानपणापासून चाकांचा नाद. वीस वर्षं त्याने या रस्त्यावर जीप चालवली, चौदा पोरांच्या हातात स्टिअरिंग दिलं. सगळे त्याला उस्ताद म्हणत. शिकवायला बसला की तो उताराच्या तोंडाशी गाडी उभी करायचा आणि म्हणायचा, "उतार ही अल्लाची देन आहे, बेटा. फुकट मिळालेल्या गोष्टीला डिझेल जाळायचं नाही." आणि स्टॉपर ओढायचा. पोरं हरखून जायची. चालू गाडी मुकी करून उतरवणं म्हणजे मर्दाचं काम, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं.

त्या चौदांपैकी एक लक्ष्या. जामसरचा, किडकिडीत, लाजरा, हात मात्र सोन्याचा. जमालने दुसरी जीप घेतली, अगदी नवी कोरी, तेव्हा ती स्वतः न चालवता लक्ष्याच्या ताब्यात दिली, इतका जीव. ती जीप चालवायला लागून चार महिने झाले असतील. पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मोठ्या उताराच्या शेवटच्या वळणावर ती खाली दरीत गेली. मागे बसलेला साखरशेतचा एक म्हातारा जागीच गेला. लक्ष्या दवाखान्यात दोन दिवस काढून गेला. जमाल उशाशी बसलेला असताना तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणाला, "उस्ताद, ब्रेक दगड झाला. मी दाबला, पन दगड."

जमालने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि मनात म्हणाला, पोरगं भ्रमात आहे.

कारण ब्रेक त्याने स्वतः आदल्या दिवशी पाहिला होता. गाडी वर काढल्यावर गॅरेजवाल्याने इंजिन चालू करून ब्रेक दाबून पाहिला, तोही चांगला निघाला. मागे बसलेले लोक म्हणाले, तो सारखा ब्रेक मारत होता, कधी बकऱ्यांना, कधी बैलगाडीला, त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आदल्या रात्री जामसरला लग्न होतं. सगळं बरोब्बर जुळलं. हवालदाराने विचारलं तेव्हा जमाल खाली मान घालून म्हणाला, "गाडीत खोट नाही, साहेब. पोराने घेतली असेल." खोटं बोलायचं म्हणून तो बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. पण उस्तादाचा शब्द, तो कागदावर गेला आणि कागदावरून गावोगाव गेला.

लक्ष्याची बायको गोजाबाई तेव्हाही सांगत होती, लग्नात त्याने थेंब घेतला नव्हता, सकाळी गाडी होती म्हणून. नवऱ्यासाठी बायको तसंच बोलणार, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं. साखरशेतच्या लोकांनी तर तिला बाजारात गाठून शिव्या दिल्या. सहा वर्षं झाली, ती जीप स्टँडच्या कोपऱ्यात टोपली घेऊन बसायची, हंगामाप्रमाणे बोरं, करवंदं, उकडलेली रताळी विकायची. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना द्यायची, जमालला मात्र नाही. त्याच्या जीपमध्ये तर तिने कधी पाय ठेवला नाही. जामसरला एसटीने जायची, एसटी चुकली तर चालत. जमालला वाईट वाटायचं. पण आपलं चुकलं असेल असं मात्र कधी मनात आलं नाही.

अशात दोन हजार एक सालच्या जानेवारीत स्टँडवर मांडव पडला. वर कापडी फलक, 'इंधन वाचवा'. पंधरवडा साजरा करायचा होता आणि सगळ्यात कमी डिझेलमध्ये गाडी चालवणारा ड्रायव्हर म्हणून मानचिन्ह द्यायचं होतं जमालला. दुसरं कोण होतं म्हणा! जमालने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, दाढीला मेंदी लावली. बायकोला, शहरबानोला, म्हणाला, "तूही ये." ती म्हणाली, "गाडी उतारावर ढकलायचं बक्षीस कुठे असतं का?" पण गालातल्या गालात हसत होती.

माहिती द्यायला आल्या त्या उज्ज्वला मॅडम. वय तिशीच्या आतलं, सरकारी प्रशिक्षण संस्थेत मोटारीचं इंजिन शिकवायच्या. बाप जव्हारच्या कचेरीत कारकून होता. ही पोरगी शाळेत असताना जमालच्याच जीपमधून पुढच्या सीटवर बसून गेलेली. पोरीच्या जातीने इंजिन शिकवावं याचं स्टँडवर सगळ्यांना हसू येत होतं. तिने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. पिशवीतून काचेची एक बाटली काढली, अंगावर बारीक रेघा असलेली. जमालच्या जीपची डिझेलची नळी टाकीपासून सोडवून या बाटलीला जोडली आणि म्हणाली, "चला चाचा. कार्यक्रमाला तास आहे. तुमची विद्या मोजून येऊ."

जमाल खूष. वाटेत म्हणाला, "बेटी, नीट बघ हं. रेघ हलणार नाही."

मोठ्या उताराच्या तोंडाशी त्याने स्टॉपर ओढला. गाडी मुकी झाली आणि घसरत निघाली. बाटलीतलं डिझेल होतं तिथेच राहिलं. खाली ओढ्यावरच्या मोरीपाशी आल्यावर क्लच सोडून त्याने हिसक्यात इंजिन चालू केलं आणि मॅडमकडे अशा नजरेने पाहिलं की शाल आत्ताच खांद्यावर पडावी.

"झकास," मॅडम म्हणाल्या. "आता परत वर चला. या खेपेला स्टॉपरला हात लावायचा नाही. दुसरा गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, आणि इंजिन चालू राहू दे."

"मग डिझेल जाईल ना!"

"जाऊ दे. बघू तर किती जातं."

गाडी पुन्हा उताराला लागली. इंजिन गुरगुरत होतं, गाडीला मागे ओढून धरत होतं. जमाल रस्त्याकडे कमी आणि मॅडमच्या मांडीवरच्या बाटलीकडे जास्त पाहत होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मोरी आली.

रेघ हलली नव्हती.

जमालने गाडी थांबवली. बाटली हातात घेतली, डोळ्यांसमोर धरली, तिरकी करून पाहिली. नळीला बोट लावून पाहिलं, कुठे तुंबली तर नाही. "हे कसं?" तो म्हणाला.

"उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, चाचा. पंपाला डिझेल सोडावंच लागत नाही, म्हणून तो सोडत नाही."

"म्हणजे... वीस वर्षं..."

"मोठ्या उतारावर तुमचं काहीच वाचलं नाही. आता हे बघा." मॅडमनी गाडी तशीच जागेवर उभी, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि घड्याळ पाहत बसल्या. बाटलीतली पातळी हळूहळू उतरायला लागली, एक रेघ, मग दुसरी. "स्टँडवर तुम्ही लोक करता ना, चार हात पुढे, चार हात मागे? तुमचं सगळं डिझेल तिथे जातं. इंजिन तिथे बंद करायचं, चाचा. इथे नाही."

जमालला हसू येईना आणि रागही येईना. वीस वर्षांची विद्या एका बाटलीने खोटी पाडली, तेही आपल्याच पुढच्या सीटवर बसून शाळेत गेलेल्या पोरीच्या हातातल्या. त्याला वाटलं, धक्का बसायचा तो बसून गेला. बिचाऱ्याला काय ठाऊक.

"एक शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "इथे सपाट आहे. इंजिन बंद करा. आणि आता ब्रेक दाबत राहा. सोडा, दाबा, सोडा, दाबा."

जमालने दाबला. पेडल नेहमीसारखं खाली गेलं. सोडलं. पुन्हा दाबलं. थोडं कमी गेलं. सोडलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि पाय जागच्या जागी थांबला.

त्याने जोर लावला. मांडी ताठली. पेडल हलेना. पायाखाली रस्त्यावरचा धोंडा असावा तसं.

"नव्या गाड्यांच्या ब्रेकला इंजिनाची मदत असते," मॅडम सांगत होत्या. "इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांपुरती मदत शिल्लक असते. ती संपली की नुसता पायाचा जोर, आणि भरलेल्या गाडीला तो पुरत नाही. तुम्ही जुन्या जीपवर शिकलात, तिला असली मदत नव्हतीच; ही नवी घेतल्यावरही एका उतारावर तीनदा ब्रेक मारायची पाळी तुमच्यावर आली नसेल. म्हणून तुम्हाला कधी... चाचा? चाचा, बरं वाटत नाही का?"

जमालला काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे ऐकू येत होतं, पण दुसऱ्याचंच. उस्ताद, ब्रेक दगड झाला. मी दाबला, पन दगड. बकऱ्यांना एकदा, बैलगाडीला एकदा, आणि वळणावर तिसऱ्यांदा. मागे बसलेल्यांनी तेच सांगितलं होतं, आणि त्यावरून सगळ्यांनी ठरवलं होतं की पोरगं पिऊन होतं. ज्याला नवी गाडी कौतुकाने दिली आणि तीच जुनी विद्या शिकवली, तो मरता मरता खरं सांगत होता आणि त्याच्या उस्तादाने केसांवरून हात फिरवून त्याला खोटं पाडलं होतं. त्याने पेडलवरचा पाय असा मागे घेतला जसा काही चटका बसला.

तो खाली उतरला आणि मोरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. तेवढ्यात वरच्या वळणावरून एक जीप उतरताना दिसली. दिसली, ऐकू आली नाही. भरगच्च भरलेली, टपावरही माणसं, आणि कसला म्हणून आवाज नाही. जमालचा पुतण्या मुदस्सर मोखाड्याची खेप घेऊन निघाला होता. चौदांपैकी चौदावा.

"चालू कर!" जमाल रस्त्याच्या मधोमध धावला. दोन्ही हात हलवायला लागला. "मुदस्सर, इंजिन चालू कर!"

मुदस्सरला वाटलं, चाचा शाबासकी देतोय. मानचिन्हाचा दिवस होता ना. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, ऐटीत सलाम केला आणि एक झोकदार वळसा घेऊन जमालच्या बाजूने जीप सप्प करून नेली. मागे बसलेलं एक पोर हसत हात हलवत गेलं. पुढे सपाटीला हिसका बसला, इंजिन धडधडलं आणि आवाज मोखाड्याच्या दिशेने लांब गेला.

जमालने हात खाली घेतले. तो तिथेच रस्त्यावर बसला. काहीच झालं नव्हतं. रोज दिवसातून पन्नासदा काहीच होत नव्हतं, आणि ते त्याने शिकवलं होतं.

परत येताना मॅडमनी दोनदा विचारलं, काय झालं. जमाल गाडी हाकत राहिला. त्याच्या डोक्यात एक हलकट विचार वळवळत होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पोरांना एवढंच सांगायचं, उतारावर इंजिन बंद करू नका, मॅडमनी सांगितलंय. संपलं. लक्ष्याचं नाव कुणी काढणार नव्हतं. जिला ब्रेकचं कळत होतं तिला लक्ष्या ठाऊक नव्हता आणि ज्यांना लक्ष्या ठाऊक होता त्यांना ब्रेकचं कळत नव्हतं. दोन्ही ठाऊक असलेला अख्ख्या जव्हारात एकटा जमाल होता. तोंड मिटून राहिला असता तर मरेपर्यंत उस्ताद राहिला असता.

मांडवात गर्दी जमली होती. साहेबांनी भाषण केलं, टाळ्या झाल्या. जमालच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, काचेचं मानचिन्ह आलं. "दोन शब्द बोला," म्हणून कुणीतरी माईक पुढे केला. समोर ड्रायव्हर बसले होते, शहरबानो बसली होती. आणि मांडवाच्या कडेला, आपल्या नेहमीच्या जागी, बोरांच्या टोपलीमागे गोजाबाई. ती इकडे पाहतसुद्धा नव्हती. एका गिऱ्हाइकाला बोरं मापून देत होती.

"लक्ष्या पिऊन नव्हता," जमाल म्हणाला.

माईक खरखरला. कुणाला काही कळेना. साहेबांनी शेजारच्याला विचारलं, लक्ष्या कोण?

"जामसरचा लक्ष्या. तो पिऊन नव्हता. ब्रेक लागला नाही. इंजिन बंद होतं म्हणून लागला नाही. आणि इंजिन बंद करायला त्याला मी शिकवलं." त्याने माईक तोंडाजवळ ओढला. "त्याने सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही. मीच हवालदाराला म्हणालो, घेतली असेल."

गोजाबाईच्या हातातलं माप तसंच राहिलं, बोरं एकेक करून खाली पडली. ती उठली. माणसं बाजूला सरकली आणि ती सरळ चालत जमालच्या समोर येऊन उभी राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"परत म्हन."

"लक्ष्या पिऊन नव्हता, गोजाबाय."

"तं मी काय सांगत व्हते?" ती आणखी एक पाऊल पुढे आली. "सा वरसां काय सांगत व्हते मी?" मग ती थांबली, पदराने तोंड पुसलं. "बोलू नको आता. मला दाव."

जमालने तिला जीपपाशी नेलं. ड्रायव्हरच्या सीटवर ती अंग चोरून बसली, अनवाणी पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचला. जमाल बाहेर दाराशी उभा राहून सांगत होता, इंजिन बंद आहे, आता दाब, सोड, परत दाब. तिने दाबलं. गेलं. दाबलं. गेलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि तिचा पाय थांबला. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, दुसराही पाय वर ठेवला, सगळं अंग लावलं. पेडल तसूभर हललं नाही.

"दगड," गोजाबाई म्हणाली.

दोन्ही पाय तिने त्या पेडलवर तसेच ठेवले. भोवती बारा ड्रायव्हर उभे होते आणि एकालाही मान वर करवत नव्हती. मग ती म्हणाली, "इंजन चालू कर."

जमालने आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. तिच्या पायाखालचं पेडल आपसूक मऊ होऊन खाली गेलं. तेव्हा मात्र तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून शहरबानो धावत आली आणि तिला छातीशी धरून बसली. "यवढाच?" गोजाबाई विचारत होती. "यवढाच लागत व्हता त्याला?" मॅडम बाटली पोटाशी धरून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते.

रडणं थांबल्यावर गोजाबाईने हुकूम सोडला. हो, हुकूमच. स्टँडवरच्या एकेका ड्रायव्हरने येऊन बसायचं, तीनदा दाबायचं आणि मोठ्याने सांगायचं, काय झालं ते. ती शेजारच्या सीटवर बसून राहिली. बाराही जण आले. मुदस्सर दुपारी मोखाड्याहून परतला तेव्हा त्यालाही बसवलं. तिसऱ्या दाबाला सकाळी मागे कोण कोण बसलं होतं ते त्याला एकेक आठवायला लागलं.

"आता साखरशेतला चल," गोजाबाई जमालला म्हणाली. "त्या म्हाताऱ्याच्या घरी. त्यांची मानसां पन बसव हिते."

मानचिन्ह मांडवात खुर्चीवरच राहिलं. शाल शहरबानोने घडी करून घेतली. जीप निघाली, पुढे गोजाबाई, मांडीवर रिकामी टोपली. साखरशेतच्या वाटेवरही एक उतार आहे, लहानसाच. तो आला आणि जमालचा डावा हात, इतकं सगळं होऊनसुद्धा, वीस वर्षांच्या सवयीने स्टॉपरकडे गेला.

त्याचं त्यालाच कळलं तेव्हा तो इतका दचकला की गाडी हेलकावली. हात तिथेच अधांतरी राहिला. गोजाबाईने त्या हाताकडे पाहिलं. आपला हात पुढे करून तिने स्टॉपरची मूठ आपल्या मुठीत गच्च धरली, आणि जमालने दुसरा गिअर टाकला.

इंजिन गुरगुरायला लागलं, गाडीला मागे ओढून धरत.

"वाजू दे," गोजाबाई म्हणाली.

उतार संपेपर्यंत तिने मूठ सोडली नाही.